दृष्टांतातील दुसरा माणूस : डेल कार्नेगी आणि व्यवहारोपदेशाचे कथनरूप

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची जी सहा प्रयोजने नोंदविली आहेत, त्यांत यश, अर्थप्राप्ती, अमंगलाचा परिहार, तत्काळ मिळणारा श्रेष्ठ आनंद आणि कांतासंमित उपदेश यांच्या पंक्तीला व्यवहारज्ञान हेही एक प्रयोजन आहे. राजादिकांशी कसे वागणे उचित हे काव्यावरून कळते, असा त्याचा अभिप्राय. काव्यशास्त्राच्या अध्यापनात आनंद आणि उपदेश यांवर तासच्या तास खर्ची पडतात. व्यवहारज्ञानाची बोळवण मात्र बहुधा एका वाक्यात होते. साहित्यातून वागणे शिकता येते, हा विचारच आधुनिक समीक्षेला काहीसा ग्राम्य वाटत आला आहे. समीक्षेने अशी मोकळी सोडलेली जागा विसाव्या शतकात एका निराळ्याच ग्रंथप्रकाराने व्यापली. माणसे कशी जोडावीत, चारचौघांत कसे बोलावे, वरिष्ठाचे मन कसे वळवावे, हाताखालच्या माणसाची चूक त्याला न दुखावता कशी दाखवावी, हे शिकविणारे ग्रंथ म्हणजे यशोमार्गदर्शक वाङ्मय. मराठीत ते प्रामुख्याने अनुवादरूपाने आले. शिव खेरा यांच्या ‘यू कॅन विन’ (१९९८) या पुस्तकाचे ‘यश तुमच्या हातात’ हे मराठी रूप त्याचे परिचित उदाहरण होय. या ग्रंथांनी जे कौशल्य शिकवायचे त्याला आता ‘सॉफ्ट स्किल्स’ हे नाव रूढ झाले आहे. हा शब्दप्रयोग अमेरिकन लष्कराच्या प्रशिक्षणविषयक चर्चांतून, १९७२ च्या सुमारास, पुढे आला. यंत्राशी ज्याचा संबंध ते ‘कठीण’ आणि माणसाशी ज्याचा संबंध ते ‘मृदू’, अशी ती विभागणी होती. माणसाशी वागणे हे यंत्र चालविण्याहून मृदू आहे, असे ज्यांना वाटले त्यांच्या अनुभवाचे नवल करावे तेवढे थोडे!

या वाङ्मयाविषयी साहित्याच्या अभ्यासकांची वृत्ती उपेक्षेची, क्वचित उपहासाची असते. तिच्यामागे अभिरुचीचा प्रश्न जितका आहे तितकाच सामाजिक स्थानाचाही आहे. बोलण्या-वागण्याची रीत ज्यांना घरातूनच मिळाली, त्यांना ती पुस्तकातून शिकणारा मनुष्य हास्यास्पद वाटतो. वारशाने आलेली रीत ही निसर्गदत्त देणगी म्हणून कशी मिरवली जाते, याचे विवेचन पिएर बूर्द्यू यांनी ‘ला दिस्तांक्सियाँ’ (१९७९) या ग्रंथात केलेच आहे. या ग्रंथप्रकाराचा उगम पाहिला तर तो वारसा नसलेल्यांच्याच वस्तीत सापडतो. सॅम्युअल स्माइल्स यांचे ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या मुळाशी लीड्स शहरातील कामगार तरुणांपुढे दिलेली व्याख्याने होती. दिवसभर राबून रात्री एकमेकांना लिहा-वाचायला शिकविणारी ही मंडळी होती. नाकामुरा मासानाओ यांनी १८७१ साली त्याचे जपानी भाषांतर केले, आणि जुन्या जातिश्रेणी मोडून पडलेल्या मेइजीकालीन जपानमध्ये ते अफाट खपले. जेथे जन्मावरून मनुष्याची जागा ठरण्याचे थांबते किंवा थांबेल अशी आशा निर्माण होते, तेथे या वाङ्मयाला वाचक मिळतो. महाविद्यालयात पहिल्यांदाच पाऊल ठेवलेल्या घराण्यातला विद्यार्थी मुलाखतीच्या आदल्या रात्री असे पुस्तक उघडतो, तेव्हा तो कोणत्या गरजेपोटी उघडतो, हे ओळखल्याशिवाय या प्रकाराची समीक्षा सुरूच होऊ शकत नाही. मात्र गरज खरी असली की पुरवठाही खरा असतो, असे नव्हे. त्याची परीक्षा संहितेतच करावी लागते, आणि त्यासाठी डेल कार्नेगी यांचे ‘हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुअन्स पीपल’ (१९३६) हे या परंपरेतील सर्वांत प्रभावी पुस्तक निवडणे योग्य ठरते.

कार्नेगी (१८८८–१९५५) हे मिसूरी राज्यातील एका गरीब शेतकऱ्याचे पुत्र. १९१२ साली न्यूयॉर्कमधील १२५व्या रस्त्यावरच्या वाय. एम. सी. ए.मध्ये त्यांनी प्रौढांसाठी वक्तृत्वाचा वर्ग सुरू केला. संस्था ठरावीक मानधन द्यायला तयार नव्हती, म्हणून त्यांनी उत्पन्नातील वाटा पत्करला. वर्गाच्या आरंभीच त्यांच्याजवळचे सांगण्यासारखे संपले, आणि त्यांनी एकेका विद्यार्थ्याला उभे करून स्वतःच्या आयुष्याविषयी बोलायला लावले. भीड चेपली ती यामुळे. व्याख्यान थांबले आणि शिक्षण सुरू झाले, असेच या प्रसंगाचे वर्णन करता येईल. पुढे सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेतील लिऑन शिमकिन या वर्गाला आले, त्यांनी लेखकाला गळ घातली, आणि वीसबावीस वर्षांच्या वर्गातून पुस्तक निघाले. म्हणजे ही संहिता मूलतः मौखिक आहे. गिल्बर्ट राइल यांनी ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ (१९४९) मध्ये एखादी गोष्ट ‘माहीत असणे’ आणि ती ‘करता येणे’ यांत जो भेद केला, त्याच्या परिभाषेत बोलायचे तर वर्गात दुसऱ्या प्रकारचे ज्ञान मिळत होते आणि पुस्तकात पहिल्या प्रकारचे उरले. कार्नेगींना याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचावे, प्रत्येक तत्त्व लगेच आचरून पाहावे, असे ते बजावून सांगतात. कागदावर पोहणे शिकविणाऱ्याला पाण्याची आठवण असल्याचे हे लक्षण आहे.

पुस्तकाची रचना मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. तीस तत्त्वे, आणि प्रत्येक तत्त्वामागे प्रसंगांची रांग. प्रकरणाच्या शेवटी ते तत्त्व एका आज्ञार्थी वाक्यात, चौकटीत बांधलेले. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त केशिराजबासांनी आधी सूत्र, मग दृष्टांत आणि त्यानंतर दार्ष्टांतिक अशी तीनपदरी मांडणी केली. चक्रधरांच्या वचनाला लौकिक कथा जोडायची आणि ती कथा वचनाला नेमकी कोठे लागू पडते हे तिसऱ्या पदरात उलगडायचे, अशी ती व्यवस्था आहे. कार्नेगींजवळ सूत्र आहे, दृष्टांत तर उदंड आहेत. दार्ष्टांतिक मात्र नाही. कथा कोठे लागू होते आणि कोठे होत नाही, हा विचार त्यांनी वाचकावर सोपविला. वरवर पाहता हा वाचकाचा गौरव वाटतो. परंतु दार्ष्टांतिकाचे काम दृष्टांताची मर्यादा आखणे हे असते. ती आखली नाही की प्रत्येक दृष्टांत सर्वत्र लागू आहे असा समज होतो, आणि तोच समज या ग्रंथप्रकाराच्या खपाचा आधार आहे.

वाचकाला आठवतात ते दृष्टांतच. पुस्तक वाचून वर्ष लोटल्यावर तीस तत्त्वांपैकी पाच सांगणेही कठीण जाते, पण मेजवानीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाची गोष्ट विसरत नाही. कार्नेगी तासन्‌तास त्याचे नुसते ऐकत राहिले, आणि निघताना त्या गृहस्थाने यजमानांजवळ त्यांच्या संभाषणकलेची वाखाणणी केली. बोलले जवळजवळ काहीच नव्हते! गोष्ट छोटी आहे, विनोदी आहे, आणि ऐकणे हेही बोलण्याचे अंग आहे ही जाणीव ती खरोखरच देते. या पुस्तकातून काही शिकता येत असेल तर ते अशा ठिकाणी. मम्मटप्रणीत भेद येथे उपयोगी पडतो. चौकटीतील वाक्य हे प्रभुसंमित, म्हणजे हुकमासारखे आहे. लेखकाचा एकंदर सूर सुहृत्संमित, मित्राने सांगावे तसा आहे. प्रत्यक्ष शिक्षण मात्र, जेथे होते तेथे, कांतासंमित उपदेशाच्या वाटेने, म्हणजे कथेच्या रसातून होते. या ग्रंथांना साहित्याबाहेर ठेवणाऱ्यांनी आणि साहित्याची गरजच नाही असे मानून ते वाचणाऱ्यांनी, दोघांनीही याकडे दुर्लक्ष केले आहे.

शिक्षण कथेतून होत असेल तर कथा कोणाच्या बाजूने सांगितली आहे हा प्रश्न केवळ कथनमीमांसेचा राहत नाही. दुसऱ्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा, हे कार्नेगींच्या उपदेशाचे सार म्हणावे लागेल. पण त्यांचे दृष्टांत वाचत गेले की लक्षात येते ते हे, की दुसऱ्या माणसाच्या जागी उभे राहून त्यांनी कथा सहसा सांगितलेलीच नाही. प्रभाव पाडणारा नायक असतो. ज्याच्यावर प्रभाव पडला तो शेवटी हसतो, सही करतो, माल घेतो, कामावर परततो. चार्ल्स श्वाब पोलादाच्या कारखान्यात येतात, दिवसपाळीने किती घाण काढले ते विचारतात आणि तो आकडा खडूने जमिनीवर लिहून निघून जातात. रात्रपाळी तो पुसून मोठा आकडा लिहिते, आणि दोन्ही पाळ्यांत चढाओढ लागून उत्पादन वाढते. दृष्टांत तेवढ्यावर थांबतो. वाढलेल्या उत्पादनाबरोबर मजुरी वाढली काय, भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्यांचे हात किती थकले, हे विचारायला कथेत कोणी नाही.

या उणिवेची खोली दिसते ती कोलोरॅडोच्या दृष्टांतात, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. मैत्रीच्या सुराने आरंभ करावा, हे तत्त्व पटविण्यासाठी कार्नेगी धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांचा १९१५ मधील प्रसंग देतात. कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न कंपनीच्या खाणकामगारांचा दीर्घ संप, त्यात सांडलेले रक्त, कामगारांच्या मनातला रॉकफेलर नावाविषयीचा द्वेष यांचा उल्लेख ते करतात. मग रॉकफेलर कामगारांच्या घरी जातात, त्यांच्या बायकामुलांना भेटतात, आणि त्यांच्यापुढे मैत्रीने ओथंबलेले भाषण करतात. परिणाम असा सांगितला आहे, की ज्या वेतनवाढीसाठी ते इतक्या त्वेषाने लढले होते तिच्याविषयी चकार शब्दही न काढता कामगार कामावर परतले. लेखकाच्या दृष्टीने ही यशाची परिसीमा आहे. त्याच प्रकरणात पुढे इसापची सूर्य आणि वारा यांची कथा येते. वाऱ्याने झोंबूनही न निघालेला अंगरखा सूर्याच्या उबेने वाटसरू आपण होऊन काढतो.

इतिहासाचा क्रम निराळा आहे. सप्टेंबर १९१३ मध्ये सुरू झालेल्या या संपाच्या मागण्यांत वेतनवाढीबरोबर संघटनेला मान्यता, आठ तासांचा दिवस, काढलेल्या कोळशाचे वजन पडताळायला कामगारांचा स्वतःचा माणूस, कंपनीखेरीज अन्य दुकानांतून माल घेण्याची मोकळीक अशा गोष्टी होत्या. त्यांतल्या काही तर राज्याच्या कायद्याने आधीच देऊ केलेल्या होत्या. कंपनीच्या घरांतून हुसकावलेले कामगार तंबूंत राहत होते. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याचे सैनिक आणि कंपनीचे पहारेकरी यांनी लडलो येथील तंबूंच्या वस्तीवर गोळीबार केला. वस्ती पेटली, आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात आसऱ्याला बसलेली ११ मुले आणि २ स्त्रिया गुदमरून मेल्या. संघटनेची गंगाजळी आटली आणि डिसेंबर १९१४ मध्ये संप मागे घेण्यात आला. रॉकफेलर कोलोरॅडोत आले ते त्यानंतर नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १९१५ मध्ये. सोबत मॅकेन्झी किंग, पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले, सल्लागार म्हणून होते. कामगारांपुढे ठेवलेली योजना बाहेरच्या संघटनेऐवजी कंपनीच्या आतच प्रतिनिधी निवडण्याची होती. म्हणजे ज्या संपावर भाषणाचा विजय झाला असे दृष्टांत सांगतो, तो भाषणापूर्वीच संपलेला होता. आणखी एक तपशील असा, की अशा प्रकारच्या मालकपुरस्कृत संघटना अमेरिकन काँग्रेसने १९३५ च्या कायद्याने बेकायदा ठरविल्या. कार्नेगींचे पुस्तक त्याच्या पुढल्या वर्षी निघाले.

एवढ्यावरून लेखकाला अप्रामाणिक ठरविणे उतावळेपणाचे होईल. रॉकफेलर माणसे म्हणून त्या कामगारांना भेटले, हेही खरे आहे, आणि तसे भेटणे त्या काळच्या मालकवर्गात दुर्मीळ होते. दोष दृष्टांताच्या घाटात आहे. कारण एकच, कर्ता एकच आणि फळ लगोलग, असा हा घाट आहे. त्यात गंगाजळी आटणे बसत नाही. खड्ड्यातली मुले बसत नाहीत. वाटसरूला अंगरखा कशासाठी हवा होता, हेही बसत नाही. आणि व्यवहार शिकणाऱ्याला हेच तर कळायला हवे असते. समोरचा माणूस गप्प झाला तो पटल्यामुळे की हरल्यामुळे, हे ओळखता येणे हे कोणत्याही माणसाशी वागण्याचे पहिले कौशल्य आहे. प्रस्तुत दृष्टांत वाचकाला या दोहोंतील फरक विसरायला शिकवितो.

त्याच कोलोरॅडोतील संघर्षावर अप्टन सिंक्लेअर यांनी ‘किंग कोल’ (१९१७) ही कादंबरी लिहिली. सधन घरचा तरुण हॅल वॉर्नर नाव बदलून खाणीत काम पत्करतो, आणि वजन पडताळणारा माणूस नेमण्याच्या मागणीपासून स्फोटापर्यंतचे सारे आतून पाहतो. कादंबरी म्हणून ती फार उंचीची नाही. प्रचाराचा हात तिच्यात जागोजागी दिसतो, आणि नायक शेवटी वरच्या वर्गातलाच आहे ही तिची मूळची अडचण आहे. तरीही तिच्यात कामगार बोलतो, चिडतो, घाबरतो, आपसांत भांडतो; मालकाच्या गोड शब्दाचा अर्थ तो आपल्या अनुभवावर घासून लावतो. खाणीच्या व्यवस्थापकाशी कसे बोलावे हे शिकायचे असेल तर कार्नेगींच्या प्रकरणापेक्षा या दुय्यम दर्जाच्या कादंबरीतून अधिक शिकायला मिळते. मम्मटाच्या प्रयोजनाचा आधुनिक अर्थ लावायचा तर तो असा लावता येईल.

भारतीय परंपरेशी तुलना करायची तर ‘पंचतंत्र’ टाळता येत नाही. मंदबुद्धी राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याची विष्णुशर्म्याची प्रतिज्ञा ही आधुनिक जाहिरातीला शोभणारी आहे. पण या ग्रंथाचे पहिले तंत्र मित्रभेदाचे आहे. मित्रप्राप्तीचे तंत्र दुसरे. मैत्री कशी तुटते हे आधी शिकवायचे, मग ती कशी जुळते हे सांगायचे, या क्रमाला अर्थ आहे. (‘हितोपदेशा’ने मित्रलाभ पहिला घेऊन तो बदलला; कार्नेगी या बाबतीत नारायण पंडिताच्या पंक्तीला बसतात.) पहिल्या तंत्रातील दमनक हा कोल्हा कार्नेगींनी सांगितलेली बहुतेक कौशल्ये अवगत असलेला आहे. तो राजाचा चेहरा वाचतो, वेळ पाहून बोलतो, समोरच्याला त्याच्याच हिताची भाषा ऐकवितो, दोष थेट दाखवीत नाही. या बळावर तो पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री जुळवितो, आणि त्याच बळावर ती मोडतो. बैल मारला जातो, आणि दमनक मंत्रिपदावर राहतो. आठव्या शतकात इब्न अल्‌-मुकफ्फा यांनी ‘कलीला व दिम्ना’ हा अरबी अवतार सिद्ध केला, तेव्हा दिम्नाच्या न्यायचौकशीचे एक प्रकरण त्यात आले. ते त्यांनीच जोडले असे सामान्यतः मानले जाते. कुशल माणूस दुष्ट असूनही सुटतो, हे त्या परंपरेला पचण्यासारखे नव्हते. कार्नेगींनी हाच पेच एका क्रियाविशेषणाने सोडविला. प्रशंसा करा, पण मनापासून करा. रस घ्या, पण खरा घ्या. खुशामत आणि प्रशंसा यांतला भेद ते पुन्हा पुन्हा सांगतात. मनापासून करणे मात्र कोणत्या तंत्राने साधावे, हे ते सांगत नाहीत, आणि ते सांगता येण्यासारखेही नाही. गंमत अशी, की मित्र जोडण्यात सर्वश्रेष्ठ म्हणून ते कुत्र्याचे उदाहरण देतात, आणि आपल्या टिपीने मानसशास्त्राचे पुस्तक कधी वाचले नव्हते हेही स्वतःच सांगून टाकतात.

दुसऱ्या तंत्रात याहून महत्त्वाचे काही आहे. लघुपतनक कावळा हिरण्यक उंदराची मैत्री मागतो, तेव्हा हिरण्यक ती नाकारतो. भक्ष्य आणि भक्षक यांचे सख्य कसले, असे तो बिळाच्या आतून विचारतो आणि बाहेर येत नाही. कावळ्याला दाराशी बसून दीर्घकाळ वाद घालावा लागतो. उंदराचा संशय हा अडसर म्हणून दूर सारलेला नाही. तो युक्तिवाद म्हणून, पूर्ण वजन देऊन मांडला आहे. राजपुत्रांना मैत्री शिकवायची तर नकार देणाऱ्याचे म्हणणेही शिकवायला हवे, हे त्या ग्रंथकाराला उमगले होते. कार्नेगींच्या जगात नकार असतो, पण तो प्रकरणाच्या आरंभीच असतो, आणि शेवटच्या पानापर्यंत विरघळलेला असतो. कोलोरॅडोचा खाणकामगार हा बिळातून न बोललेला हिरण्यक आहे.

शीर्षकातील क्रियापदांकडेही पाहिले पाहिजे. इंग्रजीत मित्र ‘जिंकले’ जातात. मराठीत मन जिंकता येते, मित्र जिंकता येत नाही. म्हणून मराठीत येताना त्या क्रियापदाला ‘जोडणे’ व्हावे लागते. माणसे जोडणे हा मराठीतील जुना, आदराचा वाक्प्रयोग आहे, आणि तो येताच पुस्तकाचा स्वभाव मूळाहून अधिक सोज्वळ भासू लागतो. मराठीत धनही जोडतात, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. तरीही जोडण्यात दोन टोके राहतात, जिंकण्यात एकच उरते. ‘प्रभाव पाडणे’ या दुसऱ्या क्रियापदाबाबत मात्र मराठी इंग्रजीहून अधिक स्पष्टवक्ती आहे. प्रभाव वरून खाली पडतो. अनुवादित यशोमार्गदर्शक वाङ्मयाचा भाषिक अभ्यास अशा क्रियापदांपासून सुरू झाला, तर तौलनिक साहित्याला त्यातून बरेच काही मिळेल. आज तो जवळपास झालेला नाही.

मराठीला या विषयाची स्वतःची परिभाषा नव्हती असे नाही. ‘दासबोधा’त समर्थांनी चातुर्यलक्षणे सांगितली, लेखनक्रियेचे धडे दिले, करंट्याची आणि सदेवाची लक्षणे एकापुढे एक मांडली. ही यादीवजा उपदेशाची पद्धत कार्नेगींच्या चौकटींशी ताडून पाहता येते. फरक असा, की समर्थांची एक यादी वाचणाऱ्यावरच उलटते. दुसऱ्या दशकाच्या आरंभी मूर्खाची लक्षणे आली आहेत, आणि त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खाची. सारे वाचलेला, सारे सांगू शकणारा आणि तरीही मूर्ख राहिलेला हा मनुष्य कोणत्याही उपदेशग्रंथाचा खरा धोका आहे, आणि उपदेश करणाऱ्यानेच तो ग्रंथात नोंदवून ठेवावा, हे लक्षणीय आहे. यशोमार्गदर्शक वाङ्मयात पढतमूर्ख आढळत नाही. तेथे अपयशी वाचक म्हणजे ज्याने पुरेशा वेळा वाचले नाही तो. स्टीफन कोव्ही यांनी ‘द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल’ (१९८९) मध्ये आधीच्या यशोवाङ्मयावर टीका केली, आणि चारित्र्याची जागा व्यक्तिमत्त्वाच्या झगमगाटाने घेतली असे निदान केले. निदानात तथ्य आहे. परंतु त्यावरचा उपायही अखेर सात कलमांच्या यादीतच आला. यादी बदलली, वाचकाविषयीचे गृहीतक तेच राहिले.

कार्नेगींच्या पुस्तकात मात्र दोन जागा अशा आहेत, की तेथे त्याचा घाट मोडतो, आणि दोन्ही पहिल्याच प्रकरणात आहेत. एक त्यांची स्वतःची नव्हे. डब्ल्यू. लिव्हिंग्स्टन लार्नेड यांचे ‘फादर फर्गेट्स’ हे छोटे गद्य त्यांनी तेथे घेतले आहे. दिवसभर मुलावर खेकसलेला बाप रात्री त्याच्या अंथरुणाशी येऊन मनातले बोलतो. मुलगा झोपलेला आहे. दुसरी जागा लिंकन यांची. गेटिसबर्गच्या लढाईनंतर, जुलै १८६३ मध्ये, जनरल मीड यांनी माघार घेणाऱ्या ली यांच्या सैन्याला निसटू दिले. संतापलेल्या लिंकन यांनी मीड यांना कठोर पत्र लिहिले आणि पाठविले नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले. कार्नेगी येथे, हा केवळ आपला तर्क आहे असे सांगून, पत्र लिहून झाल्यावर खिडकीबाहेर पाहणाऱ्या लिंकन यांच्या मनातले विचार लिहितात. त्या विचारांत लिंकन रणांगणावर, मीड यांच्या जागी जातात. तिथले रक्त पाहतात, जखमींचे ओरडणे ऐकतात. तीस तत्त्वांच्या या पुस्तकात दुसऱ्याच्या जागी उभे राहणे कथनातून प्रत्यक्ष घडते ते मुख्यतः या दोन ठिकाणी, आणि त्यांपैकी एका ठिकाणी लेखकाला त्यासाठी इतिहास सोडून कल्पिताचा आश्रय घ्यावा लागला आहे. दोन्ही प्रसंगांत कोणी कोणाला जिंकत नाही. बापाचे बोलणे मुलाच्या कानी पडत नाही, आणि लिंकन यांचे पत्र मीड यांच्या हाती जात नाही. ते पाकिटात राहिले; पाठविले नाही आणि सहीही केली नाही, एवढी नोंद लिंकन यांनी त्यावर करून ठेवली होती.